सांधेदुखीच्या पुडीतलं स्टिरॉइड: एकदम बंद करू नका, मग कमी कसं करायचं?

द्राक्षपट्टा_सीएचओ (प्रश्न)

नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्राचं काम माझ्याकडे आहे. इथे द्राक्षबागेत छाटणी, विरळणी, डिपिंगच्या (घड औषधात बुडवण्याच्या) कामाला जाणाऱ्या बायकांची बोटं, मनगटं आणि गुडघे फार दुखतात. बाजाराच्या दिवशी त्या आठवड्याच्या पुड्या घेऊन येतात. वहीच्या कागदाची घडी, आत तीन सुट्या गोळ्या. एक लहान पांढरी, मधोमध रेघ असलेली, एक पिवळी आणि एक कॅप्सूल. पाकीट नाही, चिठ्ठी नाही. दुसऱ्या दिवशी दुखणं थांबतं, आठ दिवसांत भूक वाढते, सहा महिन्यांत तोंड गोल होतं.

गेल्या महिन्यात ५८ वर्षांच्या एका मावशींना कुणीतरी सांगितलं, "यात स्टिरॉइड आहे, किडन्या जातील." १४ महिने सकाळ-संध्याकाळ चाललेली पुडी त्यांनी त्याच दिवशी चुलीत टाकली. नवव्या दिवशी उलट्या, चक्कर, उठून बसवेना. बीपी ८४/५०, बोटावरची साखर ५८. सांगलीच्या सिव्हिलला हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर सावरल्या. गावात तीच पुडी घेणाऱ्या आणखी ११ बायका सापडल्या आहेत, आणि हे ऐकून त्या सगळ्या घाबरल्यात. अर्ध्या म्हणतात आजच बंद करतो, अर्ध्या म्हणतात आता मरेपर्यंत सोडायची नाही.

मला विचारायचंय ते असं: पुडीत नेमकं किती स्टिरॉइड आहे हे कसं काढायचं? कुणाची गोळी थेट बंद करता येते, कुणाची टप्प्याटप्प्याने? आणि असा पेशंट पुन्हा उपकेंद्रावर आला तर १०८ येईपर्यंत काय करायचं?

---

फार्मासिस्ट_विटा

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

सुटी गोळी रंगावरून किंवा रेघेवरून ओळखायला जाऊ नका. मधोमध रेघ असलेल्या लहान पांढऱ्या गोळ्या डझनावारी आहेत. थायरॉइडची, बीपीची, ॲलर्जीची, सगळ्या सारख्याच दिसतात. खरा मार्ग एकच, पाकीट मिळवणं. पेशंटला "पुढच्या वेळी पाकिटासकट द्या, एसटीत सांडतात" असं सांगायला लावा. बऱ्याचदा कापलेली पट्टी मिळते. तिच्या मागच्या बाजूला औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डिफ्लाझाकॉर्ट, यातलं काही दिसलं की ते स्टिरॉइड.

मिळालं की प्रेडनिसोलोनच्या मापात बदलून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच मापात होतो. प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डिफ्लाझाकॉर्ट ६, डेक्सामेथासोन पाऊण मिग्रॅ, बीटामेथासोनही साधारण तेवढंच, आणि हायड्रोकॉर्टिसोन २०. गफलत इथेच होते. डेक्साची गोळी ०.५ ची असते, त्यामुळे "अर्ध्या मिलिग्रॅमने काय होतंय" असं वाटतं. दिवसाला तीन घेतल्या तर १.५ मिग्रॅ होतात, म्हणजे प्रेडनिसोलोन १० मिग्रॅ. वर्षभर रोज १० हा लहान डोस नाही. आपलं शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते प्रेडनिसोलोनच्या हिशोबात ४ ते ६ मिग्रॅच्या आसपास भरतं.

आणखी दोन गोष्टी विचाराच. "महिन्याचं इंजेक्शन" घेतलंय का? कमरेत देतात ते ट्रायमसिनोलोन ४० असतं, त्याचा असर तीन-चार आठवडे राहतो आणि तोही हिशोबात धरावा लागतो. दुसरं म्हणजे "आयुर्वेदिक" म्हणून दिलेली बिननावाची पावडर किंवा वटी. एका रात्रीत सूज उतरत असेल, भूक खवळत असेल आणि दोन दिवस चुकवली की दुखणं दुपटीने येत असेल, तर त्यात स्टिरॉइड मिसळलंय असं धरूनच चाला. घरी तपासायची कुठलीही युक्ती नाही, नमुना प्रयोगशाळेतच कळतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. पुडी, वरचा कागद आणि घेतल्याची तारीख जपून ठेवा.

पिवळी गोळी बहुतेक डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकसारखी दुखणं मारणारी असणार, पण तीही पाकिटावरूनच पक्की करा. स्टिरॉइडचा एकट्याचा पोटाला धोका त्यामानाने कमी असतो. या गोळीबरोबर रोज घेतलं की जठरात व्रण होऊन रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. काळी, डांबरासारखी शौच होते का हे प्रत्येकीला विचारा. ही दुसरी गोळी मात्र त्याच दिवशी बंद करायला हरकत नाही, ती टप्प्याने सोडावी लागत नाही.

---

मिरज_फिजिशियन

वरचा हिशोब बरोबर आहे. बाकीच्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे बायकांना समजावणं सोपं जाईल. किडनीच्या वर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवते, आणि ते बनवायचा हुकूम मेंदूतल्या पिट्युटरीकडून येतो. बाहेरून गोळी येत राहिली की पिट्युटरी हुकूम थांबवते आणि ग्रंथी सुकत जाते. मग गोळी एकदम काढली तर बाहेरचं बंद आणि आतलं सुरूच झालेलं नाही, अशी गत होते. साखर उतरते, बीपी पडतं, उलट्या होतात. "विहिरीवर मोटर बसवली, झरा बुजला, आता मोटरही काढली" असं सांगितलं की शेतातल्या माणसाला लगेच कळतं.

थेट बंद कुणाची करायची? ज्यांनी सगळं मिळून तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी घेतलंय त्यांची. मात्र "मधूनमधून घेते" म्हणणाऱ्या बाईचे दिवस नीट मोजा. महिन्यातले वीस दिवस आणि असे आठ महिने, याला मधूनमधून म्हणत नाहीत.

बाकी सगळ्यांसाठी, आणि हे लिहून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांची सही घ्या:

पुडी बंद, त्याच दिवसापासून हिशोबाएवढं प्रेडनिसोलोन सुरू. डेक्सावरच डोस कमी करत बसू नका. डेक्सा शरीरात दीड-दोन दिवस टिकतं, त्यामुळे ग्रंथीला जागं व्हायला उसंतच मिळत नाही. प्रेडनिसोलोन एकाच वेळी, सकाळी आठच्या सुमारास, न्याहारीनंतर. संध्याकाळी घेतलं तर झोप उडते आणि पहाटे पिट्युटरीचा जो हुकूम निघायचा असतो तोही दबतो.

डोस २० ते ४० असेल तर दर आठवड्याला ५ ने कमी. १० ते २० मध्ये २.५ ने, एक ते चार आठवड्यांनी. १० च्या खाली घाई अजिबात नको. पुस्तकात १ मिग्रॅने कमी करा असं असतं, पण १ मिग्रॅची गोळी तालुक्याला मिळेलच असं नाही. मग ५ ची अर्धी करून १० वरून ७.५, तिथून ५, आणि प्रत्येक पायरीवर चार आठवडे. पायरी जड जात असेल तर दोन आठवडे एक दिवस १०, एक दिवस ७.५ असं द्यायचं.

५ वर चार आठवडे नीट गेले की सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्तातलं कॉर्टिसोल तपासायचं. आदल्या सकाळची गोळी घेतलेली, त्या दिवशीची रक्त दिल्यानंतर. हे विसरलं तर रिपोर्ट फुकट, कारण प्रेडनिसोलोन या तपासणीत कॉर्टिसोल म्हणून मोजलं जाऊ शकतं. डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली, गोळी थांबवता येते. ५ ते १० मध्ये असेल तर तोच डोस चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. ५ च्या खाली असेल तर काही महिने थांबावं लागेल. काहींना वर्ष लागतं. त्यात औषध फसलं असं काही नाही, ग्रंथीला तेवढा वेळ लागतोच.

आता उपकेंद्रावर असा पेशंट आला तर. महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतलेला माणूस उलट्या, चक्कर, कमी बीपी घेऊन आला तर रिपोर्टची वाट बघायची नाही. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून, शीर सापडत नसेल तर स्नायूत. नॉर्मल सलाइन पहिल्या तासात एक लिटर, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर. साखर ७० च्या खाली असेल तर शिरेतून डेक्स्ट्रोज. हायड्रोकॉर्टिसोन नसेलच तर अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणासाठी ठेवलेलं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन ४ मिग्रॅ द्या. ते दुय्यम आहे, पण काहीच न देण्यापेक्षा शंभर पटीने बरं. संशय चुकीचा निघाला तरी एका डोसने नुकसान होत नाही.

एक फसगत लक्षात ठेवा. या आजारात कातडी काळवंडते आणि पोटॅशियम वाढतं असं शिकवलेलं असतं, पण ते ग्रंथीच मुळातून नासते तेव्हा. गोळ्यांमुळे दबलेल्या ग्रंथीत तसं होत नाही. कातडी नेहमीसारखी, पोटॅशियम नॉर्मल, म्हणून गॅस्ट्रो समजून ओआरएस देऊन घरी पाठवलं जातं.

---

माणदेशी

एवढं सगळं वाचल्यावर वाटतं, मुळात हे औषध माणसाला द्यावंच कशाला? आमच्याकडे आता डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टिरॉइडसुद्धा लोक घेत नाहीत.

---

मिरज_फिजिशियन

दादा, लिहून दिलेलं नाकारणं हे पुडी घेण्याइतकंच घातक आहे. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० चं नोबेल या कामाला मिळालं. पुढच्या काही वर्षांतच गोल तोंड, ठिसूळ हाडं दिसायला लागली. म्हणजे औषधाच्या दोन्ही बाजू सत्तर वर्षांपासून माहीत आहेत, आणि तरीही ते वापरात आहे, कारण काही ठिकाणी त्याला पर्याय नाही.

नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये मुलाचं अंग सुजतं, लघवीतून प्रथिनं वाहून जातात. तिथे प्रेडनिसोलोन किलोमागे २ मिग्रॅ, जास्तीत जास्त ६०, सहा आठवडे रोज, मग कमी करून एक दिवसाआड. बहुतेक मुलांची लघवी त्याने स्वच्छ होते. कुष्ठरोगाच्या रिॲक्शनमध्ये नस वाचवायची तर तेच. टीबी मेंदूच्या आवरणात गेला तर टीबीच्या औषधांबरोबर तेच. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोन ६ मिग्रॅचे चार डोस, बारा तासांच्या अंतराने. त्याने बाळाची फुप्फुसं तयार होतात. कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या रुग्णांना रोज ६ मिग्रॅ, दहा दिवसांपर्यंत, याने जीव वाचले. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना त्याचा फायदा झाला नाही, आणि २०२१ मधला काळ्या बुरशीचा कहर आठवा. साखर वाढलेली, त्यावर गरज नसताना किंवा मोठ्या डोसमध्ये दिलेलं स्टिरॉइड. औषध तेच. कुणाला, किती आणि किती दिवस, यावर सगळं ठरतं.

---

त्वचारोग_सातारा

विषय गोळ्यांचा आहे, पण ट्यूबचंही याच धाग्यात येऊ द्या. जांघेतल्या नायट्याला दुकानातून आणलेल्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल हे जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आतल्या आत पसरते, कडा पुसट होतात, मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. शिवाय जांघेत जांभळ्या भेगा पडतात, त्या जात नाहीत. २०१८ पासून स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. नायट्यावर निव्वळ बुरशीचं मलम, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागा घेऊन, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे.

इसबाला मात्र स्टिरॉइडचं मलमच लागतं. माप असं: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर काढलेली मलमाची रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती दोन पंजांएवढ्या कातडीला पुरते. चेहऱ्याला गोरेपणासाठी कधीही नाही.

---

द्राक्षपट्टा_सीएचओ

सगळ्यांचे आभार. तिघींकडून कापलेल्या पट्ट्या मिळाल्या. डेक्सामेथासोन ०.५, दिवसाला दोन, आणि ॲसिक्लोफेनॅक. पण ११ पैकी चौघींना आधीपासून साखर आहे, आणि त्यांची उपाशीपोटीची साखर ११० ते १२० च आहे. मग त्यांना स्टिरॉइडचा त्रास नाही असं समजू का? दुसरं, या गोंधळात एका आईने आठ वर्षांच्या मुलाचा दम्याचा पंपही बंद केला, "त्यात पण स्टिरॉइडच आहे" म्हणून.

---

मिरज_फिजिशियन

नाही, तसं समजू नका. सकाळी घेतलेलं स्टिरॉइड साखर दुपारनंतर वाढवतं आणि पहाटेपर्यंत ती खाली येते. उपाशीपोटी बघाल तर फसाल. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बघा, तिथे २५०-३०० दिसली तर नवल नाही. आणि उलटही लक्षात ठेवा: स्टिरॉइड कमी व्हायला लागलं की साखर उतरते. त्यामुळे ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असणारीचा डोस प्रत्येक पायरीवर डॉक्टरांना दाखवायचाच. नाहीतर हायपो होऊन (साखर फार उतरून) पडेल आणि दोष स्टिरॉइड कमी करण्याला जाईल.

दिवसाला दोन डेक्सा म्हणजे १ मिग्रॅ, प्रेडनिसोलोन साडेसहा-सातच्या आसपास. या बायकांना ७.५ वर आणा, चार आठवड्यांनी ५.

तेवढ्यात आणखी चार गोष्टी उरकून घ्या. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासा, कारण स्टिरॉइडखाली टीबीचा ताप दबलेला असतो. बीपी मोजा आणि जेवणातलं लोणचं, पापड, भडंग कमी करायला सांगा, पायाची सूज मिठाने वाढते. डोळ्यांना धूसर दिसत असेल तर मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही बघायला पाठवा. आणि जांघेत दुखतं का हे विचारा. "कंबर दुखते" म्हणून बाई सांगते, बोट मात्र जांघेवर ठेवते. तो खुब्याचा गोळा सुकत चालल्याची खूण असू शकते. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये दिसतं.

हाडांसाठी तीन महिन्यांच्या वर स्टिरॉइड झालेल्या प्रत्येकीला आहार धरून दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. पन्नाशीच्या पुढच्यांना आणि मणका आधीच दबलेल्यांना ॲलेन्ड्रोनेट ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा लागतं का ते डॉक्टर ठरवतील. ती गोळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. अन्ननलिका भाजते.

---

फार्मासिस्ट_विटा

पंपाचं सांगतो. त्या मुलाचा पंप आजच सुरू करायला लावा. पंपातलं स्टिरॉइड, बुडेसोनाइड, २०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.२ मिग्रॅ. दिवसाला दोन वेळा घेतलं तर ०.४. औषध थेट श्वासनळीत पडतं, गिळलं गेलेलं बहुतेक यकृतातच मोडतं. मोठेपणीच्या उंचीत साधारण एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो हे आईला खरं सांगा, आणि पंप बंद ठेवून दम्याचे ॲटॅक आले तर गोळ्या-इंजेक्शनमधून कितीतरी जास्त स्टिरॉइड जाईल हेही सांगा. आता उसाची तोड सुरू होईल, फडातलं पाचट पेटेल, गुऱ्हाळं धुरकटतील. दमा उसळण्याचे नेमके हेच महिने.

पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ प्लॅस्टिकची नळी) लावूनच. एक दाब, चार-पाच संथ श्वास, मग दुसरा दाब. नंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

---

द्राक्षपट्टा_सीएचओ

शेवटचं एक. डोस कमी करताना दोघींचं अंग पुन्हा दुखायला लागलंय. त्या पुडीकडे परत वळतील अशी भीती वाटते.

---

मिरज_फिजिशियन

वळतीलच, मूळ दुखण्याला औषध मिळालं नाही तर. म्हणून दोन प्रकार वेगळे करा. सगळं अंग दुखणं, थकवा, मरगळ, पण सांध्यावर सूज नाही, हे स्टिरॉइड उतरण्याचं दुखणं. पॅरासिटामोल द्या, गरज पडली तर आधीच्या पायरीवर दोन-तीन आठवडे थांबा, ते ओसरतं. पण सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, बोटांच्या मधल्या पेरांना आणि मनगटाला मऊ सूज आहे, तर तो आमवात. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या करायला पाठवा. त्याचं खरं औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, ठरलेल्या वारी, आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून द्या. ही गोळी रोज घेतली गेली तर रक्तपेशी कोसळतात आणि माणूस दगावतो. पुडीची सवय असलेल्या बाईकडून ही चूक सहज होते. नुसते गुडघे झिजले असतील तर स्टिरॉइडची गोळी लागतच नाही, मांडीचे व्यायाम आणि वजन बघा.

११ जणींच्या हातात एकेक कार्ड द्या. नाव, गोळी, सध्याचा डोस, सुरू केल्याची तारीख, आणि त्याखाली मराठीतच लिहा: "ही गोळी अचानक बंद करू नये. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच दवाखाना, हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ." ताप आला तर ताप असेपर्यंत डोस दुप्पट, दोन वेळांत विभागून. १० किंवा जास्त घेत असेल तर साध्या तापाला वाढवायची गरज नाही. ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदूचंही, तर कार्ड आधी भूलतज्ज्ञांच्या हातात. गोळी थांबवून वर्ष होईपर्यंत हे कार्ड आधार कार्डाच्या पिशवीतच राहू द्या, कारण ग्रंथी आजारपणाचा ताण झेलायला त्यानंतरही काही काळ कमी पडू शकते.